जुनो-१०६ आणि मॉडेल डी सॅम्पलिंग: नाशिकच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

काम ठरलं ते असं: दोन ॲनालॉग सिंथचे (इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून आवाज घडवणाऱ्या वाद्यांचे) सूर सॅम्पल करायचे, म्हणजे एकेक रेकॉर्ड करायचे, आणि लग्नकार्यात, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कीबोर्डवाल्यांच्या लॅपटॉपवर चालतील अशी इन्स्ट्रुमेंट तयार करायची. एक रोलंडचा जुनो-१०६, १९८४ चा, सहा व्हॉइसचा, म्हणजे एका वेळी सहा सूर. दुसरा बेहरिंगरचा मॉडेल डी, १९७० च्या मिनीमूगवर बेतलेला. ऑसिलेटर (मूळ सूर काढणारी सर्किटं) तीन, पण एका वेळी सूर एकच. खोली पंचवटीत, तिसऱ्या मजल्यावर. सगळं लाइनमधून घ्यायचंय, माइक कुठेच नाही, त्यामुळे खालच्या गाड्या आणि लाउडस्पीकर यांचा संबंध नाही. अडवणार ती वीज आणि थंडी.

जुनोच्या पाठीवर १०० व्होल्ट छापलंय, म्हणजे जपानी बाजारातला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. दुकानात सहज मिळतो तो ११० चा, आणि ‘चालतं हो त्याच्यावर’ असं सांगतातही. चालतं, पण जादा दहा टक्के व्होल्टेज आतले लिनिअर रेग्युलेटर उष्णता करून बाहेर टाकतात. सलग पाच तास सिंथ चालू राहणार असेल तर १०० चाच हवा. शालिमारच्या बाजूला एका वाइंडिंगवाल्याकडून तसा बांधून घेतला.

कळ दाबण्याआधी मेमरी वाचवली. यात १२८ पॅच (साठवलेले आवाज) असतात आणि ते सीआर२०३२ बॅटरीवर टिकतात. बॅटरी गेली की पॅचही गेले. टेपसाठीच्या आउटमधून डेटा इंटरफेसवर घेऊन वेव्ह फाइल केली, मग तीच फाइल परत वाजवून व्हेरिफाय करून पाहिली. बॅटरी २.९ व्होल्ट दाखवते, तूर्त हात लावलेला नाही.

मग व्हॉइसची तपासणी. की ट्रान्सपोज दाबून धरून पॉवर चालू केली की सिंथ चाचणी मोडमध्ये जातो आणि कुठल्या सुराला कुठली व्हॉइस मिळाली ते डिस्प्लेवर दिसतं. या मॉडेलची ओळखीची दुखरी जागा म्हणजे ८००१७ए चिप: प्रत्येक व्हॉइसला एक, तिच्यातच फिल्टर (आवाज उजळ-मंद करणारा) आणि व्हीसीए (आवाज लहानमोठा करणारा). वरचं इपॉक्सीचं आवरण जुनं झालं की आत करंट गळायला लागतो. मग एखादी व्हॉइस मुकी होते, खरखरते किंवा कळ सोडली तरी बोलतच राहते. एकही व्हॉइस तशी असेल तर सॅम्पलिंग पुढे ढकलावं. आपल्या सहाही चालू. चौथीचा फिल्टर बाकीच्यांपेक्षा किंचित उघडा आहे. प्रत्येक व्हॉइसच्या फिल्टरला आत ट्रिमपॉट आहेत, बरोबरीला आणता येईल. आणायची नाही असं ठरलं. सहाही जणी एकासारख्या करायच्या असत्या तर प्लगइन विकत घेऊन भागलं असतं.

५ जानेवारी, रविवार

दिवस हमने, म्हणजे विजेच्या वाटेने आवाजात शिरणाऱ्या गुणगुणीने, खाल्ला.

पद्धत साधी: सिंथ चालू, केबल लावलेली, एकही कळ दाबायची नाही, दहा सेकंद रेकॉर्ड. आकडा आला उणे ५८ डीबी (जितका खाली तितकी हम कमी), आणि स्पेक्ट्रममध्ये ५०, १००, १५० हर्ट्झवर खांब उभे. लॅपटॉपचा चार्जर काढला की उणे ८१. म्हणजे ग्राउंड लूप: चार्जरची अर्थ एका वाटेने, इंटरफेस आणि सिंथच्या केबलची शील्ड दुसऱ्या वाटेने. चार्जर काढून पाच तास निघणार नाहीत. सिंथ आणि इंटरफेसच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (अर्थचा जोड तोडून आवाज पुढे नेणारी डबी) टाकून ग्राउंड लिफ्टचा खटका वर केला. चार्जर लावलेला असूनही उणे ७९. एवढ्यावर थांबलो. प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला हमखास मिळतो, तो कोणीही ऐकू नये. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या लोखंडी पत्र्याच्या जुन्या सिंथला तर मुळीच नाही.

हमचा एवढा पिच्छा का पुरवायचा? साध्या रेकॉर्डिंगमध्ये हम एक, एका जागी. सॅम्पलरमध्ये ती सॅम्पलला चिकटून वरखाली होते. सॅम्पल एक सेमीटोन वर ताणलं की ५० चे ५३ हर्ट्झ, खाली ओढलं की ४७. असे तीन सूर एकत्र धरले की तीन वेगळ्या हम, आणि त्या एकमेकींवर सेकंदाला तीन वेळा हेलकावे घेतात. दमा झालेल्या फ्रिजसारखं ऐकू येतं. साधी सळसळ त्या मानाने परवडते: सहा सूर एकत्र वाजले की एकाच्या तुलनेत ७.८ डीबीने वाढते, पण बेसूर होत नाही.

कोरस, म्हणजे आवाज हेलकावत दाट करणारा इफेक्ट, बंद. जुनोचा कोरस हा त्याचा अर्धा जीव आहे, तरी बंदच. तो सहा व्हॉइस एकत्र झाल्यावर पुढे बसलेला आहे. अख्ख्या कॉर्डला मिळून एकच. सॅम्पलमध्ये भाजून टाकला तर प्रत्येक सुराला स्वतःचा कोरस येतो, आणि ताणलेल्या सॅम्पलमध्ये त्याचा वेगही बदलतो. तीन सुरांतच सगळं पातळ होतं. शिवाय सळसळीचा मोठा वाटा कोरसच्या बीबीडी (आवाज किंचित उशिरा सोडणाऱ्या) चिपमधूनच येतो. कोरस सॅम्पलरच्या शेवटी इफेक्ट म्हणून लावायचा. इम्पल्स रिस्पॉन्सने (एका टिचकीला मिळालेल्या प्रतिसादाच्या नमुन्याने) पकडता येत नाही, कारण तो वेळेबरोबर सरकत असतो. हायपास फिल्टरही व्हॉइसनंतरच आहे, पण तो स्थिर असल्याने सॅम्पलमध्ये राहिला तरी बिघडत नाही.

आता फक्त मोनो आउट. फाइल अर्ध्या झाल्या.

७ जानेवारी, मंगळवार

हिशेब. कीबोर्ड ६१ कळांचा, मिडी (सिंथ आणि संगणकातली सामायिक भाषा) नंबर ३६ ते ९६. दर तिसरा सेमीटोन घेतला तर २१ सूर. प्रत्येक सॅम्पल एक कळ वर आणि एक कळ खाली एवढंच ताणायचं, म्हणजे वेगात सहा टक्क्यांचा फरक. एन्व्हलपची (सूर उगवून विरण्याची) चाल त्याच प्रमाणात बदलते, पण तेवढं कानाला खटकत नाही. चार सेमीटोनचं अंतर घेऊन पाहिलं. ब्रासच्या पॅचवर झोनच्या (एका सॅम्पलला दिलेल्या कळांच्या) सीमेवर पायरी कळते.

२१ सूर गुणिले ६ व्हॉइस, १२६ सॅम्पल. प्रत्येकी १२ सेकंद धरणं आणि ४ सेकंद सोडल्यानंतरचे: २,०१६ सेकंद, एका पॅचला साधारण ३४ मिनिटं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे सेकंदाला १४४ केबी, पॅचमागे २९० एमबी. आठ पॅचना साडेचार तास.

अपवाद: ज्या पॅचमध्ये फिल्टरचं की-फॉलो (कळेबरोबर वरखाली सरकणं) शून्यावर आहे तिथे दर सेमीटोनला सॅम्पल हवं. की-फॉलो पूर्ण असेल तर फिल्टर सुराबरोबरच सरकतो, त्यामुळे ताणणं लपतं. शून्यावर असेल तर खऱ्या वाद्यात फिल्टर जागचा हलत नाही आणि सॅम्पलमध्ये मात्र हलतो. रेझोनन्स (फिल्टरच्या कडेवरचा उठाव) जास्त असेल तर ही चोरी लगेच पकडली जाते.

फाइलच्या नावात पॅच, तीन आकडी मिडी नंबर, व्हॉइस नंबर. सुराचं नाव आणि सप्तक लिहायचं नाही. ६० नंबरच्या सुराला कोणी तिसऱ्या सप्तकातला सी म्हणतं, कोणी चौथ्या. इथल्या वाजवणाऱ्यांशी बोलताना तर ‘काळी चार’ हीच भाषा. आकडा सगळ्यांना एकच.

११ जानेवारी, शनिवार

जुनो पॉली १ वर, म्हणजे प्रत्येक कळेला पाळीने पुढची व्हॉइस. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅक: ३६ सहा वेळा, मग ३९ सहा वेळा, असं ९६ पर्यंत. लेव्हल अशी लावली की सगळ्यात मोठ्या सुराचं शिखर उणे १२ डीबीवर थांबेल. मागचा आउटपुट स्विच एच वर. एल वर ठेवून इंटरफेसचा गेन वाढवला तर सळसळच वाढते.

चार पॅच झाले. दुपारी दोनला वीज गेली, सिंथ पुन्हा तापवला. जुनोचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालतात, सूर हलत नाही; पण फिल्टर ॲनालॉग आहे आणि थंड असताना त्याची जागा वेगळी असते. अर्धा तास थांबलो.

१२ जानेवारी, रविवार

तिसऱ्या पॅचमध्ये घोळ. चौथी व्हॉइस उजळ आहे हे माहीत होतं म्हणून पायथनमधून प्रत्येक फाइलचा स्पेक्ट्रल सेंट्रॉइड (आवाज किती उजळ याचा आकडा) काढला. ३६ ते ६३ पर्यंत सगळ्यात मोठा आकडा चौथ्या फाइलचा, ६६ पासून अचानक तिसऱ्या फाइलचा. मधे कोणाचा तरी हात कळेवर पडला, एक व्हॉइस खर्ची पडली आणि पुढची सगळी रांग एका जागेने सरकली. ऐकून हे कधीच कळलं नसतं. ६६ पासूनच्या ६६ फाइलची नावं फिरवून घेतली, पुन्हा रेकॉर्ड करायची गरज पडली नाही. आता रेकॉर्डिंग चालू असताना कळांवर पुठ्ठा असतो, आणि प्रत्येक पॅचच्या शेवटी ६० नंबर सहा वेळा वाजवून रांग तपासली जाते.

कापाकापी. सुरुवात शोधायला उंबरठा शिखरापासून उणे ६० डीबी, त्याच्या ६४ सॅम्पल आधी कट, एक मिलिसेकंदाचा फेड-इन. पॅडसारख्या हळू उगवणाऱ्या पॅचला हा नियम लावला तर सुरुवातच कापली जाते. तिथे मिडी गेल्यापासून ठरावीक अंतरावर कट. डीआयएन मिडीवर (गोल प्लगच्या केबलवर) एका नोट-ऑनला एक मिलिसेकंदच लागतो, पण सिंथचा प्रोसेसर कळा आणि मिडी पाळीपाळीने तपासतो, म्हणून एक-दोन मिलिसेकंद इकडेतिकडे होतातच. ते तसंच ठेवलं.

नॉर्मलाइज (आवाजाची पातळी ठरावीक उंचीला आणणं) फक्त अख्ख्या पॅचला एकाच आकड्याने. फाइलगणिक केलं की काय होतं: उजळ चौथी व्हॉइस मुळात किंचित मोठी, ती दाबली जाते; वरच्या सप्तकातले बारीक सूर फुगतात आणि त्यांच्याबरोबर सळसळही. सोयीसाठी बटण समोरच असतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतोय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गच्चीवर पतंग, काम बंद.

१८ जानेवारी, शनिवार

मॉडेल डी. याचे ऑसिलेटर खरे व्हीसीओ (व्होल्टेजवर चालणारे), म्हणजे तापमानावर नाचणारे. व्होल्टेजला सुरात बदलणारी ट्रान्झिस्टरची जोडी दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के सरकते. भरपाई नसेल तर एका अंशाला सप्तकामागे चार सेंट (एक सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग). सर्किटमध्ये भरपाई असतेच, पण पुरती कधीच नसते. नाशिकला जानेवारीत सकाळी खोलीत १७ अंश, दुपारी तीनला २७. सकाळी चालू करून दर पाच मिनिटांनी ६९ नंबरचा सूर मोजला: सुरुवातीला १४ सेंट खाली, पाऊण तासानंतर दोन सेंटच्या आत. खिडकी उघडली की परत हलतो. दुपारी बारा ते तीन, खिडक्या बंद, पंखा बंद, आधी दीड तास तापवून. ही वेळ ठरली.

२४ ते ८४, दर दुसरा सेमीटोन, ३१ सूर, प्रत्येकी चार वेळा. व्हॉइस एकच असली तरी चार वेळा घ्यायचं कारण असं की ऑसिलेटर मोकळे फिरत असतात. कळ दाबली तेव्हा तिघे एकमेकांच्या संदर्भात कुठे होते यावर सुरुवातीचा ठोका बदलतो. बेसमध्ये एकच सॅम्पल परत परत वाजलं तर टाइपरायटर वाटतो.

एकच सूर लागोपाठ चार वेळा घ्यायचा नाही. अख्खी पट्टी एकदा, मग परत पहिल्यापासून, अशा चार फेऱ्या, आणि फेरीतला क्रमही विस्कटलेला. खालून वर चढत गेलं तर तासाभरातला सरकलेला सूर नेमका वरच्या सप्तकात जाऊन बसतो, आणि ती चूक ऑसिलेटरच्या स्केलची की तापमानाची हे मागाहून सांगता येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

सूर लावणं. दोन ऑसिलेटर एकत्र असले की मोजणारा प्रोग्राम गोंधळतो, म्हणून दोन आणि तीन बंद करून एका ऑसिलेटरची एक वेगळी मोजणीची फेरी घेतली. वरच्या टोकाला आठ सेंट खाली. ही स्केलची चूक, ती दुरुस्त करायची. पण कशी, यावर बराच वेळ गेला.

पहिला प्रयत्न प्रत्येक फाइल मोजून शून्यावर आणण्याचा. ऐकलं आणि परत फिरवलं: बरोबर, स्वच्छ, आणि कुठल्याही कीबोर्डमधल्या सॉ वेव्हसारखं. नंतर एका सुराच्या चार फाइलची सरासरी काढून फक्त ती शून्यावर आणली, चौघांतला आपसातला फरक तसाच ठेवला. ७२ नंबरचं उदाहरण: चार फेऱ्यांत उणे ७, उणे ४, उणे ६, उणे ३. सरासरी उणे ५. चौघांनाही अधिक ५ दिलं, राहिलं उणे २, अधिक १, उणे १, अधिक २. हार्मोनियमबरोबर लावून पाहिलं, भांडण नाही. पहिल्या प्रयत्नाच्या फाइल काढून टाकल्या.

२५ जानेवारी, शनिवार

लूप, म्हणजे कळ धरून ठेवली की सॅम्पलचा तोच तुकडा फिरत राहणं. मॉडेल डीच्या खालच्या सुरांनी अडवलं.

दोन ऑसिलेटर पाच सेंटने फोडलेले. ११० हर्ट्झवर दोघांतलं अंतर ०.३२ हर्ट्झ, म्हणजे एक हेलकावा ३.१ सेकंदांचा. लूपची लांबी हेलकाव्याच्या पूर्ण पटीत हवी, नाहीतर लूप परत फिरताना उसळी ऐकू येते. दर सप्तक खाली गेलं की हेलकावा दुप्पट लांब. ३६ नंबरला ५.३ सेकंद, २४ ला १०.६. आणि रेकॉर्ड केलं होतं १० सेकंद. एक हेलकावासुद्धा पुरा झालेला नाही. ३६ च्या खालचे सहा सूर २४ सेकंद धरून चारही फेऱ्या पुन्हा घेतल्या, साडेदहा मिनिटांचं काम. हा गुणाकार सुरुवातीलाच करायला हवा होता.

तीन ऑसिलेटरच्या पॅचला नेमकी पट सापडतच नाही. प्रत्येक ऑसिलेटर वेगळा सॅम्पल करून सॅम्पलरमध्ये एकत्र करता येतो आणि लूप सोपा होतो. पण लॅडर फिल्टरमध्ये तिघे एकत्र घुसले की तो दबतो, किंचित फाटतो, आणि तेच तर हवंय. तेव्हा लांब रेकॉर्डिंग आणि दोन सेकंदांचा क्रॉसफेड (एक बाजू विरते तशी दुसरी चढते).

क्रॉसफेडबद्दल: जोडाच्या दोन्ही बाजू फेजमध्ये असतील तर लिनिअर घ्यायचा, इक्वल पॉवरने मधे ३ डीबीचा फुगवटा येतो. बाजू एकमेकींशी असंबद्ध असतील, जशा तीन ऑसिलेटरमध्ये असतात, तर उलट: लिनिअरने ३ डीबीचा खड्डा, इक्वल पॉवर सपाट. फाइलमध्येच भाजून टाकला, प्लेअरवर सोडला नाही.

जुनोच्या पल्स विड्थवाल्या पॅडला लूप एलएफओच्या (आवाज हळू हलवणाऱ्या लहरीच्या) चार फेऱ्यांचा. १०६ मध्ये एलएफओ प्रोसेसर चालवतो, त्यामुळे वेग स्थिर आहे आणि आकडा सगळ्या फाइलना एकच चालतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

मॅपिंग (कुठल्या कळेला कुठली फाइल) एसएफझेडमध्ये, साधी मजकूर फाइल, पायथनने लिहून काढलेली. ऐकायला स्फोर्झांडो हा प्लेअर. फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणारा प्रकार) बदलल्या. लूपचे आकडे ऑडिओ फाइलच्या पोटात न ठेवता एसएफझेडमध्येच लिहिले. कोणी पुढे ४४.१ वर आणणार असेल तर हे आकडे ०.९१८७५ ने गुणावे लागतील.

आता खरी गाठ. सहा व्हॉइसची पाळी लावायला सीक_लेंग्थ ६ आणि सीक_पोझिशन १ ते ६. एक बोट ठेवून वाजवलं, अगदी जुनो. कॉर्ड धरली आणि आवाज बसला. कारण असं: एसएफझेडमध्ये ही मोजणी अख्ख्या वाद्याची नसते, प्रत्येक रीजनची (एका सॅम्पलच्या नोंदीची) आपापली असते. ६०, ६४, ६७ असा पहिला कॉर्ड धरला तर तिन्ही झोनचा काटा एकवर, तिघांनाही पहिली व्हॉइस. पुढच्या कॉर्डला तिघांनाही दुसरी. खऱ्या जुनोत एक, दोन, तीन अशा वेगळ्या व्हॉइस एकत्र बोलतात. तो सगळा पोत गेला.

लोरँड-हायरँडने यादृच्छिक करून पाहिलं. कॉर्डला बरं, पण तीच व्हॉइस लागोपाठ यायची शक्यता सहात एक, आणि जलद सुरांत ती कळते. शेवटी झोनगणिक सुरुवात सरकवली: पहिल्या झोनची पाळी पहिल्या व्हॉइसपासून, दुसऱ्याची दुसरीपासून, सातव्याची परत पहिलीपासून. आता ६०, ६४, ६७ ला तिसरी, चौथी, पाचवी व्हॉइस मिळते. दोन सूर अठरा सेमीटोनवर असले की सुरुवातीला टक्कर होते. पहिल्या दोन-चार सुरांनंतर काटे विस्कटतात आणि तीही जाते.

दुसरी छोटी पण हमखास होणारी चूक: एएमपी_व्हेलट्रॅक (कळेच्या जोराने आवाज किती बदलावा) न लिहिता सोडलं तर ते १०० धरलं जातं. जुनोच्या कळांना जोर कळतच नाही, म्हणून शून्य. ब्रासच्या पॅचला मात्र फिल्टरच्या तीन उघडिपी वेगवेगळ्या सॅम्पल करून (३७८ फाइल) जोरावर बदलल्या. एकीतून दुसरीत क्रॉसफेड नाही. दोन रेकॉर्डिंगच्या फेज जुळत नाहीत आणि मधल्या जोरावर सूर पोकळ होतो.

मॉडेल डीला एकावेळी एकच सूर. लेगॅटोत (आधीची कळ न सोडता) वाजवलं तर पुढचा सूर सॅम्पलच्या सुरुवातीपासून न घेता ९,६०० सॅम्पल, म्हणजे ०.२ सेकंद, सोडून घेतला. ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) सोडून दिला.

नाव देताना पॅकवर कंपनीचं नाव ठळक टाकायचं नाही, ‘सहा व्हॉइस’ एवढंच. ॲनालॉग सिंथवर आपण लावलेला आवाज आपला. ज्या कीबोर्डच्या रॉममध्ये कंपनीने आधीच रेकॉर्ड केलेले आवाज असतात ते असे सॅम्पल करून वाटता येत नाहीत. या दोन्हींत तसं काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सातपूरला एका तालमीत चालवून पाहिलं. लॅपटॉप वाजवणाऱ्याचाच, ४ जीबी रॅमचा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणकाने आधी साठवायचा आवाज, २.७ मिलिसेकंद) ठेवल्यावर टकटक, २५६ वर स्वच्छ. आठही पॅच एकदम उघडायचे नाहीत, एक-एक.

तक्रार एकच आली: पेडल दाबून वाजवलं की चिखल होतो. बरोबर आहे. जुनोत सहा सुरांनंतर सातवा सूर जुन्या सुराचा गळा धरून त्याची जागा घेतो, सॅम्पलर मात्र तीस-तीस सूर बोलू देतो. पॉलिफनी (एका वेळी वाजणारे सूर) सहावर आणली, चिखल गेला. मग दुसऱ्याने सांगितलं, ‘दादा, डाव्या हाताचा सूर मधेच तुटतो.’ तेही बरोबर. दोन फाइल ठेवल्या: एक सहाची, एक सोळाची. नावात आकडा आहे.